क्लचविना गिअर : युक्ती की सवय?

खेड्यात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला वाहनाचे थोडेफार ज्ञान असावेच लागते. एका पावसाळी रात्री मेहकरहून जवळच्या वस्तीवर तापाने झटके येत असलेल्या बालकाला पाहण्यासाठी निघालो असता, वाटेत मोटारसायकलची क्लच वायर तुटली. मागे बालकाचे आजोबा बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी थांबवू नका. रेस क्षणभर सोडा अन् गिअर टाका." तसे केले आणि गिअर अलगद पडला. बालकाला वेळेवर औषध मिळाले.

हे कसे घडते? मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधील चाकांच्या जोड्या नेहमीच एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर बदलताना गुंततात व सुटतात ते चाकांच्या बाजूला असलेले जाड दाते. इंजिन ओढत असताना या दात्यांवर दाब असल्याने ते सुटत नाहीत. क्लच दाबल्याने हा दाब नाहीसा होतो. रेस सोडली तरीही क्षणभर तेच घडते. सांधा निखळलेला रुग्ण आपणास परिचित आहे. स्नायू ताणलेले असता जोर केला तर इजा होते. ते शिथिल झाले की सांधा सहज बसतो. येथेही पायाचा जोर नव्हे, योग्य क्षण महत्त्वाचा.

वरचा गिअर टाकताना इंजिनाची गती कमी व्हावी लागते, व रेस सोडताच ती आपोआप कमी होते. खालच्या गिअरसाठी मात्र ती वाढवावी लागते. अंदाज चुकला तर मागच्या चाकाला झटका बसतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते.

आजोबा जुने येझदीस्वार होते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा व पुढे येझदी गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो बंद पडला. त्या गाड्यांत गिअरचा दांडा पायाने दाबताच क्लच आतून आपोआप सुटे. म्हणजे तेथे क्लच वापरलाच जात होता, फक्त हाताने नव्हे. ती सवय इतर गाड्यांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे.

क्लचविना गिअर टाकल्याने क्लच प्लेट वाचते, असे काहीजण सांगतात. वास्तविक प्लेटची बरीचशी झीज गाडी जागेवरून हलवताना होते, आणि तेथे क्लच टाळता येत नाही. उलट क्षण वारंवार चुकला तर दात्यांच्या कडा गोल होतात व चालत्या गाडीत गिअर निसटू लागतो. प्लेट बदलणे सोपे. दात्यांसाठी मात्र इंजिन उघडावे लागते.

व्यवसायबंधूंना एक विनंती. डावा हात दुखतो म्हणून क्लच टाळणारा रुग्ण आल्यास, अंगठा व शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात का, हे अवश्य विचारावे. मनगटातील नस दबलेली असू शकते. क्लच जड झाला असल्यास वायरला तेल देण्यासही सांगावे.

तात्पर्य, ही युक्ती अडचणीच्या वेळेसाठी शिकून ठेवावी, रोजची सवय करू नये. त्या रात्रीपासून माझ्या औषधांच्या पेटीत क्लचची एक नवी वायर कायम असते.