मनगटावरचा पंक्च्युअल पार्टनर!

मोबाईल गेटवर जमा, बस नाक्यावर उभी आणि पंचिंग मशीन टपून बसलेलं... वाळूजच्या शिफ्टमध्ये कामी येतं ते साधं, दणकट आणि एका नजरेत कळणारं घड्याळ. बजेट म्हणाल तर दोन ते चार हजार. मग बघायचं काय आणि टाळायचं काय?

'घड्याळ? आजच्या जमान्यात? मोबाईल आहे ना बॉस!' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून बिनधास्त म्हणता येतं. वाळूजमध्ये मात्र हा फंडा चालत नाही. १९८५ मध्ये इथे बजाज ऑटोचा प्लांट सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट्स बनवणाऱ्या कंपन्यांचं अख्खं जाळं विणलं गेलं. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर (विठोबाचं नव्हे, आपलं वाळूजचं!) ही सगळी वस्ती शिफ्टच्या तालावर उठते, जेवते आणि झोपते. यातल्या बऱ्याच प्लांटमध्ये शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही. तो गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवायचा. मग आठ तास तुमच्याकडे वेळ सांगणारं असतं काय? मनगट!

मी तीन दिवस शिफ्ट सुटायच्या वेळी इथल्या चहाच्या टपऱ्यांवर उभी राहून लोकांची मनगटं बघत होते. (हो, लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते!) क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये ट्रेनी असलेली एक मुलगी म्हणाली, 'ताई, दर तासाला रीडिंग घ्यायचं असतं. वेळ चुकली की शीट चुकली, आणि शीट चुकली की अख्खा लॉट होल्डवर.' मेंटेनन्समधल्या एका दादांचं गणित आणखी सोपं होतं. 'दोन मिनिटं उशीर झाला की बस गेली. मग रिक्षाला पैसे घाला, नाहीतर हाफ डे सोसा.' थोडक्यात, इथे घड्याळ हा दागिना नाही. ते पगाराशी जोडलेलं अवजार आहे.

एका नजरेत वेळ!

दुकानात आपण काय बघतो? चकाचक डायल, तीन छोट्या चकत्या, सोनेरी रंग. आणि वापरताना काय लागतं? फक्त वेळ. म्हणून माझी पहिली टेस्ट अशी : घड्याळ हातभर लांब धरा, एक सेकंद बघा आणि नजर काढा. वेळ सांगता आली? पास! नाही आली? मग ते कितीही फंडू दिसो, काउंटरवर परत ठेवा.

पांढऱ्या डायलवर काळे काटे किंवा काळ्यावर पांढरे, हे कॉम्बिनेशन सगळ्यात सोपं. चंदेरी डायलवर चंदेरी काटे शोरूमच्या लाईटमध्ये झकास दिसतात, पण उन्हात गायब होतात. बाराही आकडे असतील तर उत्तम. तास काटा आणि मिनिट काटा यांच्या लांबीत ठळक फरक हवा आणि मिनिट काटा कडेच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. नाहीतर सात चाळीस की सात बेचाळीस, याचा अंदाजच बांधत बसाल.

डिजिटल घेणार असाल तर फिकट पार्श्वभूमीवर काळे आकडे असलेलंच घ्या. उलटा, म्हणजे काळ्यावर फिकट आकड्यांचा डिस्प्ले 'कूल' दिसतो, पण कमी उजेडात डोळे ताणायला लावतो. बाईकवर पोलराइज्ड गॉगल घालता? मग तो घालूनच डिस्प्ले बघा. काही कोनांतून आकडे चक्क काळवंडतात!

थर्ड शिफ्टवाल्यांनी उजेडाचाही विचार करावा. काट्यांवरचा चमकणारा रंग आधी उजेड पितो आणि मग हळूहळू मंदावतो. स्वस्त घड्याळात तो पहाटेपर्यंत टिकेलच असं नाही. बटण दाबल्यावर लागणारा लाईट जास्त भरवशाचा. टायमेक्सने १९९२ मध्ये आणलेल्या इंडिग्लोमध्ये तर अख्खी डायलच उजळते.

दणकट म्हणजे नेमकं काय?

जाडजूड दिसणारं प्रत्येक घड्याळ दणकट नसतं. पहिली गोष्ट म्हणजे काच. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स स्केलवर क्वार्ट्झ ७ वर, तर नीलम काच ९ वर. साधी काच या दोघांच्या खाली, म्हणून शर्टाच्या धुळकट बाहीने पुसता पुसता तिच्यावर चरे पडतात. या बजेटमध्ये नीलम काच क्वचितच मिळते, तेव्हा मिनरल काच ठीक. प्लास्टिकची काचही वाईट नाही. तिच्यावर चरे लवकर पडतात, पण ती सहसा फुटत नाही. आणि डायलची कड काचेपेक्षा किंचित उंच असेल, तर मशीनवर आपटल्यावर आधी कड मार खाते.

दुसरं म्हणजे पाणी. मागे '३० मीटर' लिहिलंय म्हणून ३० मीटर खोल बुडी मारता येते, असं समजू नका! तो लॅबमधल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे. पावसात रोज बाईक चालवणाऱ्याने किमान ५० मीटर घ्यावं आणि पोहणाऱ्याने १००. पाण्यात बटणं दाबू नका, चावी ओढू नका. गरम पाण्याची वाफही आतल्या रबर रिंगची शत्रू.

आणि तिसरं, धक्का! कॅसिओचे इंजिनिअर किकुओ इबे यांचं वडिलांनी दिलेलं घड्याळ हातातून पडून फुटलं. इबेंनी ठरवलं, न फुटणारं घड्याळ बनवायचं. टार्गेट होतं १० मीटरवरून पडणं, १० बारचा पाण्याचा दाब आणि १० वर्षांचा सेल. सुमारे दोनशे नमुने करून झाल्यावर १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. ते आपल्या बजेटच्या थोडं वर जातं, पण त्यातला धडा मोफत आहे : आतलं यंत्र जितकं हलकं आणि भोवतीचं आवरण जितकं मऊ, तितकं घड्याळ धक्का जास्त सोसतं. म्हणून हलकं प्लास्टिक दिसलं की नाक मुरडू नका.

आधी हात, मग घड्याळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिरत्या मशीनवर, म्हणजे लेथ, ड्रिल, कन्व्हेअर अशा ठिकाणी काम असेल, तर हातात घड्याळ नकोच. पट्टा अडकला की तो हातालाही आत ओढतो. लेदर, स्टील, नायलॉन, सगळ्यांचं तेच. नायलॉन तर तुटतच नाही, म्हणजे आणखी धोका. चालू वीजपुरवठ्याजवळ काम करणाऱ्यांनी धातूचा पट्टा घालणं म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण.

मेंटेनन्सवाल्या दादांचं घड्याळ म्हणूनच शर्टाच्या बटणबंद खिशात होतं. 'मशीन बंद, लॉक लावलं, की मग हातात,' ते म्हणाले. बस चुकली तर हाफ डे जातो. पट्टा अडकला तर... हिशोब तुम्हीच करा. तुमच्या डिपार्टमेंटचा नियम काय आहे, हे घड्याळ घेण्याआधी सेफ्टीवाल्यांना विचारा.

ऑफिसात किंवा इन्स्पेक्शनला असाल तर पट्ट्याची चॉईस मोकळी आहे. फक्त मराठवाड्याचा मे महिना लक्षात ठेवा! पारा चाळिशी ओलांडला की घामाने लेदरला वास येतो. रेझिन किंवा सिलिकॉन धुता येतं. मागचं झाकण स्टेनलेस स्टीलचं घ्या. स्वस्त मुलाम्यातल्या निकेलने काहींच्या मनगटावर पुरळ उठतं. आणि पट्टा १८, २० किंवा २२ मिलिमीटरचा, सरळ पिनवाला असेल तर कुठेही बदलून मिळतो. वेगळ्याच आकाराचा पट्टा तुटला की कंपनीचाच शोधत फिरा!

मशीन कोणतं?

माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या वापराला क्वार्ट्झ. आतला छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-३० सेकंदच इकडेतिकडे होतं. स्वस्त ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात होऊ शकतं. हां, मोठ्या मोटारी, वेल्डिंग, चुंबक यांच्या आसपास काम असेल तर डिजिटल घ्या. तीव्र चुंबकीय क्षेत्रात काट्यांचं क्वार्ट्झ अडखळतं. डिजिटलला काटेच नसल्याने फरक पडत नाही.

आणि बाबांचं एचएमटी? त्याला मनापासून सलाम! १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. 'जनता' आणि 'पायलट'ने किती लग्नं आणि किती पहिले पगार पाहिले असतील! पण २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आज ऑनलाईन 'नवीन जनता' म्हणून मिळणारे बरेच पीस जुन्या मशीनवर रंगवलेली डायल चढवून विकतात. घरचं असेल तर सर्व्हिस करून रविवारी घाला. शिफ्टला नको.

स्मार्टवॉच? कॅमेरा आणि फोनवर बंदी असलेल्या काही प्लांटमध्ये त्यालाही गेटवरच थांबावं लागतं. शिवाय चार्जिंगची कटकट.

बजेटचा हिशोब

दोन हजारांचं घड्याळ सात वर्षं चाललं, तर दिवसाला ८० पैशांहून कमी. चार हजारांचं स्मार्टवॉच दोन वर्षांत थकलं, तर दिवसाला साडेपाच रुपये. फंडा क्लिअर?

डिजिटलमध्ये कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे सदाबहार मॉडेल. सेल साधारण सात वर्षं, वजन नगण्य, पण लाईट मिणमिणता आणि पाण्यापासून संरक्षण बेताचं. पावसात फिरणाऱ्यांना एई-१२०० बरं : १०० मीटर, दहा वर्षांचा सेल, पाच अलार्म. काट्यांचं हवं असेल तर कॅसिओचं एमआरडब्ल्यू-२०० : मोठे आकडे, वार-तारीख आणि १०० मीटर. ऑफिस लूक हवा असेल तर टायटन आणि सोनाटाच्या साध्या, आकडेवाल्या डायल बघा. सर्व्हिस जवळ मिळते, हा त्यांचा मोठा प्लस पॉइंट.

लांब चालणाऱ्या सेलचा एक छुपा फायदा गुलमंडीच्या बाजूच्या एका घड्याळवाल्या काकांनी सांगितला. 'सेल बदलायला झाकण उघडलं की रिंग हलते, बेटा. रिंग नीट नाही बसली तर पहिल्या पावसात काचेच्या आत धुकं.' म्हणजे झाकण जितक्या कमी वेळा उघडेल, तितकं बरं. उघडलंच तर रिंग तपासून घ्या.

दुकानात जाताना...

* एक सेकंदाची टेस्ट दुकानाच्या दारात, उन्हात करा.
* ग्लोव्ह्ज घालत असाल तर सोबत न्या. बटणं दाबता येतात का, बघा.
* मनगट वाकवा. चावी हाताच्या मागच्या बाजूला रुतत असेल तर साईझ मोठी आहे.
* जीएसटीचं बिल आणि तारीख टाकलेलं वॉरंटी कार्ड घ्या. वॉरंटी बहुधा मशीनला असते. काच, पट्टा आणि सेल त्यात आहेत का, ते वाचा.
* 'फर्स्ट कॉपी' म्हणजे नक्कल. चारशे रुपयांत जी-शॉक मिळत नाही, मिळतो तो फक्त त्याचा आकार.
* घड्याळ मोबाईलशी नाही, तुमच्या गेटवरच्या पंचिंग मशीनशी जुळवा. पगार त्याच वेळेवर कापला जातो!

एक मात्र खरं, असं घड्याळ बघून कुणी 'वॉव' म्हणणार नाही. पण पहाटे साडेपाचला, थंडीत, नाक्यावर उभं असताना तुम्ही बाही सरकवाल, एक नजर टाकाल आणि बसला अजून चार मिनिटं आहेत हे कळेल. चार मिनिटांत एक कटिंग आरामात होतो!