प्रचितगडाच्या चढाईची पूर्वतयारी

रत्नागिरी तालुक्यातील पाली या महामार्गावरच्या गावातून सह्याद्रीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पूर्वेकडचा रस्ता नाणीज आणि साखरपा मागे टाकून आंबा घाटाने वाहनासह थेट पठारावर पोहोचवतो; उत्तरेकडे संगमेश्वर गाठून तेथून कसबामार्गे शृंगारपूरला गेले, तर रस्ता डोंगराच्या पायथ्याशीच थांबतो आणि प्रचितगडाची संपूर्ण चढाई पायीच करावी लागते. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये सुर्व्यांकडून जिंकलेले, पुढे येसूबाईंचे माहेर म्हणून इतिहासात नोंदले गेलेले शृंगारपूर हे घाटमाथ्याच्या अगदी तळाशी वसलेले आहे, आणि या चढाईची सारी अवघड बाजू गावाच्या या स्थानातूनच येते.

गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचून चढाईचा अंदाज बांधणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच असली तरी तिच्या पायथ्याचे बारी गाव आधीच बऱ्याच उंचीवर आहे; कोकणातला पायथा मात्र समुद्रसपाटीपासून फारसा वर नसतो, त्यामुळे घाटमाथ्याची जवळजवळ सगळी उंची चालणाऱ्यालाच चढावी लागते. म्हणून मोजायचा तो पायथा आणि माथा यांच्यातील फरक. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्या मोजल्या की हा फरक घरबसल्या कळतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेल्या नियमाप्रमाणे सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर चाल धरावी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवावा. हा नियम थंड हवेतील सराईत माणसांसाठी होता; कोकणच्या दमट उष्म्यात, पाठीवर पाणी घेऊन आणि रान तुडवत जाणाऱ्यांनी त्यात निदान निम्मी भर घातली पाहिजे.

कोकणाकडील कडे इतके सरळ का, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतील घट्ट बेसाल्टचे थर उभे कडे होऊन टिकले आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार व पदर बनले. त्यामुळे वाट काही काळ झाडीतून सौम्यपणे चढते आणि मग एकाएकी कातळाला भिडते. प्रचितगडाच्या माथ्याजवळ तर शिडीचा आधार घ्यावा लागतो. कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी बराच वेळ सावलीत राहतो आणि दुपारनंतर तापतो, म्हणून उजाडण्याच्या सुमारास पायथा सोडणे हेच हिताचे ठरते.

हा प्रदेश चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा आणि २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही, तेव्हा वनखात्याची परवानगी ही आखणीतली पहिली पायरी होय. वाटेचा आणि मुक्कामाचा विचार त्यानंतरचा. गवे, अस्वले आणि बिबटे यांचे हे घर असल्यामुळे शांतपणे व एकत्र चालणे आणि गावातला वाटाड्या बरोबर घेणे आवश्यक ठरते. कारवीच्या दाट रानात ढोरवाटा आणि गडाची वाट यांतला फरक बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही.

खरा धोका मात्र मोठ्या जनावरांपेक्षा लहान जीवांचा अधिक असतो. कड्याच्या कपारीला लोंबणारी आग्या मोहोळे धुराने आणि उग्र वासाच्या अत्तरांनी चवताळतात; म्हणून कड्याखाली चूल पेटवू नये, विडी-सिगारेट ओढू नये आणि सुगंधी द्रव्ये घरीच ठेवावीत. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे विपुल आहे. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे अपायकारक ठरते. अवयव हलू न देता रुग्णाला उचलून रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, झाडीतल्या हिरव्या चापड्यावर नाही; तरीही कोणत्याही दंशानंतर रुग्णालय गाठण्यात कसूर करू नये.

पावसाळ्यात निसरडे कातळ आणि फुगलेले ओढे यांमुळे ही चढाई वर्ज्य मानावी; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गडावर कातळात खोदलेली टाकी असली तरी त्यांवर विसंबून न राहता प्रत्येकाने चार लिटरच्या आसपास पाणी पायथ्यापासूनच न्यावे, आणि घामावाटे जाणाऱ्या क्षारांसाठी मीठ घातलेले कोकम किंवा लिंबाचे सरबत जवळ ठेवावे.

परतीची वेळ चढण्याआधीच ठरवावी लागते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याआधीच अंधारते. उतरायला लागणारे तास त्यातून वजा केले की जी वेळ उरते, त्या वेळी माथा हाताच्या अंतरावर असला तरी मागे फिरावे. दरीत मोबाइलला संपर्क मिळेल याची खात्री नसल्याने ही वेळ, सोबत्यांची संख्या आणि घेतलेली वाट शृंगारपुरात कोणाला तरी सांगून ठेवावी, म्हणजे तिन्हीसांजेपर्यंत कोणी खाली आले नाही तर गावकऱ्यांना शोध नेमका कोठून सुरू करायचा ते ठाऊक असेल.