न झाडलेली गोळी

1993च्या डिसेंबरात ‘डूम’ आला तेव्हा त्याची कथा सोबतच्या पुस्तिकेत छापलेली होती, आणि ती वाचल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मंगळाच्या चंद्रांवर अडकलेला एक सैनिक, नरकातून उतरलेले राक्षस आणि पडद्याच्या तळाशी दिसणारी बंदूक, एवढ्यावर भागत होतं. राक्षसाला मारताना कुणाच्या मनाला टोचणी लागत नाही. म्हणून तर तो राक्षस. फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी जग दिसणार आणि त्या जगाशी त्याचा व्यवहार बंदुकीनं चालणार, या प्रकाराचा पाया हा असा. त्यावर कथा रचू पाहणाऱ्या प्रत्येकाला पुढे एकच अडचण आली. ज्या खेळात गोळी झाडणं हेच मुख्य काम, तिथे ‘झाडावी की नाही’ हा प्रश्न आणायचा कुठून?

तो प्रश्न दोन बटणं दाखवून, एकावर ‘दया’ आणि दुसऱ्यावर ‘सूड’ लिहून येत नाही, असं माझं मत आहे. खेळणाऱ्यानं गोळी झाडली नाही, तर ते खेळाच्या लक्षात येतं का, एवढंच बघावं. बरेच नावाजलेले खेळ या कसोटीवर नापास होतात.

आपल्याकडे सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीवर असा पेच क्वचितच आला. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या नॉर्वेतल्या कंपनीच्या खेळात कॅमेरे बंद करून लष्करी तळात शिरायचं आणि मध्येच मेलो तर सगळं मिशन पहिल्यापासून खेळायचं. डोकं त्यातच गुंतलेलं. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ओलिसाला गोळी लागली की पैसे कापले जायचे, म्हणजे पाप-पुण्याचा निकाल दंड भरून लागायचा. आज मोबाइलवर चालणाऱ्या बीजीएमआयमध्ये सांगण्याजोगी गोष्टच नाही. विमानातून उड्या मारायच्या आणि शेवटपर्यंत टिकायचं. त्यामुळे पुढे ज्या खेळांबद्दल लिहितो आहे, ते आपल्या बहुसंख्य पोरांनी पाहिलेलेही नसतील.

कथेला पहिल्यांदा मानाचं पान मिळालं ते 1998च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये. मार्क लेडलॉ हा कादंबरीकार लेखनासाठी घेतला होता. खेळ थांबवून मध्येच चित्रपट दाखवायचा प्रघात या खेळानं मोडला. सुरुवातीचा लांबलचक ट्रामचा प्रवाससुद्धा नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांनीच होतो. निवड मात्र अगदी अखेरीस एकदाच मिळते, आणि तीही नोकरी पत्कर नाहीतर मर अशी.

खरी उडी 2000 सालच्या ‘डेउस एक्स’नं मारली. वॉरन स्पेक्टर यांच्या चमूनं बनवलेल्या या खेळाचा नायक जेसी डेंटन हा दहशतवादविरोधी संघटनेचा नवखा एजंट. पहिल्याच मिशनवर निघताना त्याचा भाऊ पॉल त्याला शक्यतो जीव घेऊ नकोस असं सांगतो. खेळणारा ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतो, कारण शूटरमध्ये असलं बोलणं तोंडदेखलं असतं असा त्याचा अनुभव. इथे मात्र मुडदे पाडत परतलात, तर शस्त्रागार सांभाळणारा सॅम कार्टर तुम्हाला खडसावतो. हात आवरून काम केलंत, तर जादा काडतुसं काढून देतो. पुढे विमानतळावरच्या हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात लेबेदेव्ह नावाचा माणूस शरण येतो. तेवढ्यात तुमचीच वरिष्ठ सहकारी ॲना नवारे येऊन त्याला ठार करायचा हुकूम सोडते. पडद्यावर पर्यायांची पाटी येत नाही. बंदूक तुमच्या हातात, दोघं तुमच्या समोर. हुकूम पाळा. किंवा पाठ फिरवून निघा. मग ॲनाच त्याला मारते. किंवा बंदूक ॲनाकडे वळवा, आणि कथा तेही पचवते. पहिल्यांदा खेळणाऱ्या कितीकांना ही तिसरी वाट सुचतसुद्धा नाही, कारण ती आहे असं कुणी सांगितलेलंच नसतं. पंचवीस वर्षांनीही या प्रसंगाच्या तोडीचं फार थोडं सापडतं.

त्या मानानं 2007च्या ‘बायोशॉक’चा बोलबाला जास्त. केन लेव्हिन यांनी समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं शहर उभं केलं आणि लेखिका आयन रँडच्या स्वार्थवादी विचाराची तिथे धूळधाण झालेली दाखवली. शहरात ‘लिटल सिस्टर्स’ नावाच्या छोट्या मुली फिरतात. त्यांच्या शरीरात ॲडम हे द्रव्य असतं आणि ते मिळाल्याशिवाय तुमची ताकद वाढत नाही. मुलीला मारलं तर 160 ॲडम, वाचवलं तर 80. जाहिरातीत गाजलेला पेच तो हाच. पण जरा हिशेब मांडा. तीन मुली मारल्या तर 480. तीन वाचवल्या तर 240, वर मुलींना जपणाऱ्या डॉक्टर टेनेनबॉमकडून 200ची भेट, म्हणजे 440. शिवाय भेटीत आणखीही काही मिळतं. एवढ्या मोठ्या नैतिक पेचाचा भाव तीन मुलींमागे 40 ॲडम! पुण्य करताना खिशाला चाट बसली नाही, तर ते पुण्य कसलं, सवलत झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात क्लिंट हॉकिंग या खेळ-दिग्दर्शकानं बायोशॉकच्या वर्मावर बोट ठेवलं. खेळायची रीत सांगते की स्वतःचं बघा. कथा मात्र तुम्हाला एका परक्या माणसाचं ऐकायला लावते, आणि तिथे नाही म्हणायची सोय ठेवत नाही. लेव्हिन यांना याची जाण होती असं म्हणायला जागा आहे. अर्ध्या वाटेवर कळतं की ज्या अदबशीर शब्दांनी तुम्हाला कामं सांगितली जात होती, ते शब्दच संमोहनाचा मंत्र होते. तिथे शहराचा संस्थापक अँड्र्यू रायन याला मारताना खेळ तुमच्या हातातला ताबाच काढून घेतो. मुलींच्या हिशेबापेक्षा हा प्रसंग कितीतरी प्रामाणिक आहे.

मग 10 नोव्हेंबर 2009ला ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ आला. त्यातलं ‘नो रशियन’ हे मिशन मॉस्कोच्या विमानतळावर घडतं. तुम्ही सीआयएचे छुपे हस्तक. लिफ्टचं दार उघडतं आणि दहशतवादी माकारोव्हची टोळी रांगेत उभ्या प्रवाशांवर मशिनगनचा मारा सुरू करते. मुंबईत 26/11ला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. सीएसटीच्या फलाटावरची छायाचित्रं ज्यानं पाहिली होती, त्याचे हात ते मिशन पुढे नेताना आखडले नसतील असं मला वाटत नाही. बनवणाऱ्यांनी हे मिशन वगळण्याचा पर्याय आधीच दिला होता. रशियातल्या आवृत्तीतून ते काढलं गेलं. जर्मनी आणि जपानमध्ये तुम्ही नागरिकावर गोळी झाडलीत की मिशन तिथेच फसायचं. मूळ आवृत्तीत एकही गोळी न झाडता शेवटपर्यंत चालत जाता येतं. पण त्यानं कुणी वाचत नाही, कुणी अडवत नाही, आणि अखेरीस माकारोव्ह तुम्हाला गोळी घालायची ती घालतोच. काहींना यात धाडस दिसलं. मला ‘नरो वा कुंजरो वा’ दिसतं: तुम्ही काही केलंच नाही असं म्हणायची सोय करून द्यायची आणि बघायला मात्र लावायचं.

2012चा ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ हा बर्लिनच्या यागर कंपनीचा खेळ खरं तर या यादीत बसत नाही, कारण त्यात कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे असतो. तरी त्याचं नाव निघतंच. पांढरा फॉस्फरस टाकल्याशिवाय तो पुढे सरकू देत नाही आणि मग जळालेल्या नागरिकांपुढे उभं करून तुम्हालाच दोषी धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

याच्या नेमका उलट ‘फार क्राय 4’. 2014 सालचा हा खेळ क्यारात या हिमालयातल्या काल्पनिक देशात घडतो. अजय घळे आई ईश्वरीच्या अस्थी घेऊन येतो, आणि पेगन मिन हा गुलाबी सूटवाला हुकूमशहा त्याला जेवायला बसवतो. जरा बाहेर जाऊन येतो, इथेच थांब, असं सांगतो. शूटर खेळणारा माणूस थांबतो कशाला? तो उठतो, तळघर शोधतो, बंड करणाऱ्यांना जाऊन मिळतो आणि पुढचे कित्येक तास माणसं मारत राहतो. पण पाऊण-एक तास नव्हे, जेमतेम पाव तास जो ताटासमोर बसून राहील, त्याच्याकडे पेगन खरंच परत येतो. त्याला लक्ष्मणाच्या समाधीपाशी नेतो. लक्ष्मणा ही अजयची सावत्र बहीण. तिथे अस्थी ठेवल्या जातात आणि खेळ संपतो. अजय आला होता तेवढ्याच कामासाठी! बंडखोरांच्या वाटेनं गेलात तर अमिता आणि साबल या दोन पुढाऱ्यांतून एक निवडावा लागतो. एकीला अफूची शेती हवी, दुसऱ्याला कोवळ्या पोरीला देवी करून बसवायचं आहे. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

‘मेट्रो 2033’ (2010) मात्र मला सगळ्यांत सरस वाटतो. दमित्री ग्लुखोव्स्की या मॉस्कोच्या लेखकाच्या कादंबरीवर कीव्हच्या फोर-ए गेम्सनं तो बनवला. (युक्रेन युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल 2023मध्ये मॉस्कोच्या न्यायालयानं ग्लुखोव्स्कींना त्यांच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली.) अणुयुद्धानंतर माणसं मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात, आणि युद्धाआधीच्या चांगल्या गोळ्या हेच तिथलं चलन आहे. अंगावर कुणी आलं की ठरवा, हलकी गोळी वापरायची की पैसाच झाडायचा. एखाद्या स्टेशनवर भीक मागणारं पोर दिसतं. त्याच्या हातावर एक गोळी ठेवली, की खेळ गुपचूप त्याची नोंद घेतो. म्हाताऱ्यांच्या गप्पा अर्ध्यात न सोडता ऐकल्यात, तर त्याचीही नोंद होते. या गुणांचा आकडा कुठे दिसत नाही. अखेरीस, ‘काळे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या विचित्र जीवांना शत्रू मानलं त्यांच्यावर क्षेपणास्त्रं पडू द्यायची की ती थोपवायची, असा प्रसंग येतो. गुण पुरेसे नसतील, तर हा पर्याय समोर येतच नाही; क्षेपणास्त्रं पडतात आणि आपण काही गमावलं हेसुद्धा कळत नाही. निवड करायचा हक्कही आधी कमवावा लागतो, हे असं फार थोड्या खेळांनी मांडलं आहे.

गोळीबार उरकल्यावर काय उरतं, हे मात्र 2017च्या सप्टेंबरात ‘आर्मा 3’च्या ‘लॉज ऑफ वॉर’ या पुरवणीनं दाखवलं. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं ती आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीशी बोलून बनवली आणि तिच्या विक्रीतून त्या वर्षी मिळालेल्या निव्वळ उत्पन्नातला अर्धा वाटा समितीला दिला. नायक नेथन मॅकडेड हा सुरुंग काढणारा माणूस. उद्ध्वस्त झालेल्या ओरेओकास्त्रो गावात तो जमीन चाचपत फिरतो, आणि एकेका स्फोटकामागची कहाणी तुम्हाला कधी या तर कधी त्या बाजूच्या सैनिकाच्या कातडीत शिरून खेळावी लागते. गंमत म्हणजे याच पुरवणीच्या सुमारास खेळात क्लस्टर बॉम्बही आले. आधी बॉम्ब टाकून बघायचे की आधी मॅकडेडबरोबर गावात शिरायचं, हे कंपनीनं गिऱ्हाइकावर सोडलं होतं.