केळीच्या बागेचं उलटं गणित

रावेर-यावल असो की धुळ्याकडचं शिरपूर, केळीचा हिशेब बहुधा रोपांपासून मांडला जातो. माझ्या मते तो पिकवणीपासून मागे मांडत यावा.

दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी 4,444 रोपं बसतात. घड सरासरी 20 किलोचा धरला तर माल होतो जवळपास 89 टन, म्हणजे दहा टनी नऊ ट्रक. आता पुढचं बघा. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन 16 ते 18 अंशांवर केळी पिकायला समजा पाच दिवस लागतात आणि एका खोलीत एक ट्रक माल मावतो. रोज एक ट्रक घ्यायचा तर पाच खोल्या हव्यात. चारच असतील, तर दर पाच दिवसांनी एका ट्रकला जागा नाही, बाग कितीही जोमदार असली तरी. अशा वेळी घडाचं वजन आणखी वाढवण्यावर केलेला खर्च हाती काही देत नाही. पाचवी खोली देते.

गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत नेमकं हेच, म्हणजे कुठली मर्यादा अडवते ते, शोधते. पाणी, मजूर, ट्रक, खोल्या यांच्या मर्यादा समीकरणांत बसवल्या की सर्वांत फायद्याचं नियोजन मिळतं. शिवाय कुठली मर्यादा थोडी सैल केली तर किती रुपये वाढतील, हेही कळतं.

पण माल रोज एक ट्रक असा येणार कसा? कंदांच्या बागेत निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, मागेपुढे होई. 1990च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन वाणाची टिश्यूकल्चर रोपं आणली, आणि बाग बरीचशी एकदम निसवू लागली. लोक वाढलेलं उत्पादन सांगतात. मला हा एकसारखेपणा जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे कापणीचा अंदाज बांधता येतो आणि टप्प्याटप्प्याने लागवड करून रोजचा ट्रक जुळवता येतो.

तरी थंडी हिशेब बिघडवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो वा त्यानंतर लावलेली कांदेबाग, निसवण थंडीत सापडली की घड भरायला जास्त दिवस लागतात. त्यामुळे तीन आठवड्यांच्या अंतराने लावलेल्या बागा तितक्याच अंतराने कापणीला येतील असं नाही. हा फरक आपल्याच शिवारातून मोजावा लागतो. प्रत्येक तुकड्याची लागवड, निम्मी बाग निसवल्याचा दिवस आणि पहिली कापणी, या तीन तारखा वहीत असल्या की पुढच्या लागवडीचे टप्पे मागे मोजत ठरवता येतात.