ईएलसीबी वर बसेना? ‘डायरेक्ट’ करू नका, आधी दोष शोधा

देवास : पावसाची झड लागली की धार-देवासच्या जुन्या वाड्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘सगळ्या गल्लीत लाइट आहे, आमच्याच घरात नाही.’ बोर्डावरच्या ईएलसीबीचं बटण वर करावं, तर ते खटकन खाली.

मागच्या आठवड्यात देवासला आमच्या आत्याकडे हेच झालं. मिस्त्रीने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘अम्माजी, ये खराब है, डायरेक्ट कर देता हूं.’ अंधार पडत आला होता, आत्या हो म्हणणारच होती. आम्ही थांबवलं. शेवटी दोष निघाला कूलरमध्ये. ईएलसीबी चांगलीच होती. ती आपलं काम करत होती.

ती करते काय?

आम्ही कॉमर्सवाले, त्यामुळे आम्हाला हे खातेवहीसारखं समजलं. फेजच्या तारेतून जेवढा करंट घरात जातो, तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. हिशेब जुळला नाही, म्हणजे करंट दुसरीकडे गळतोय. ओल्या भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून. घरगुती ईएलसीबीत हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत लाइन तुटते. एमसीबी हे काम करत नाही. ती शॉर्टसर्किट आणि जास्त लोडपासून तारा वाचवते, माणसाला नाही. दुकानात हल्ली हीच वस्तू आरसीसीबी नावाने मिळते.

घरी काय तपासाल?

बोर्ड ओला असेल, जळका वास येत असेल किंवा कुठे झटका बसला असेल, तर काही तपासू नका. कोरड्या हाताने मेन बंद करता आला तर करा आणि मिस्त्रीला बोलवा. तसं काही नसेल तर पायात कोरडी चप्पल घालून या क्रमाने जा :

१. बटण आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. मध्येच अडकलेलं बटण नुसतं वर ढकलून बसत नाही.

२. सगळ्या एमसीबी खाली करा आणि ईएलसीबी वर करून पाहा. बसली तर एमसीबी एकेक करून वर करा. जिच्यामुळे ती पडेल, दोष त्या लाइनीवर.

३. सगळ्या एमसीबी बंद असूनही बसत नाही? लगेच ‘खराब’ म्हणू नका. घरातली साधी एमसीबी आणि भिंतीवरचा स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून कूलर, गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर यांचे प्लग चक्क काढून ठेवा आणि पुन्हा पाहा.

आत्याकडे इथेच उलगडा झाला. कूलरच्या पंपाची वायर पत्र्याला घासून सोलली होती आणि तिची न्यूट्रल पत्र्याला टेकली होती. आज न्यूट्रल टेकली, उद्या फेज टेकली असती. ईएलसीबी डायरेक्ट केलेली असती, तर कूलरमध्ये पाणी भरताना काय झालं असतं, हे सांगायला नको.

इथून पुढे मिस्त्रीचं काम

प्लग काढूनही बसली नाही, तर मेन बंद करून मिस्त्रीने ईएलसीबीच्या पुढच्या, म्हणजे घरात जाणाऱ्या तारा सोडवून पाहायला हव्यात. तरीही बसत नसेल तर ती खरंच खराब, बदलून घ्या. बसली तर दोष वायरिंगमध्ये. इन्व्हर्टर नवा लावला असेल तर त्याची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये चुकीच्या जागी जोडली गेली आहे का, हेही पाहायला सांगा.

जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतं किंवा नावालाच असतं. अशा घरात ईएलसीबी बऱ्याचदा माणसाचा हात लागल्यावरच पडते. चांगलं अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच पडते. म्हणून दोन्ही हवं. अर्थची तार न्यूट्रलला जोडून काम भागवणं मात्र धोक्याचं.

ईएलसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर ती फक्त शोभेला आहे. आणि कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा.

खांबावरच्या किंवा मीटरपर्यंतच्या दोषासाठी वीज कंपनीचा क्रमांक १९१२ आहे. मीटरच्या पुढचं घर मात्र आपलं, आणि जबाबदारीही आपलीच.