समुद्रावरील ढग आणि कृष्णेचें पाणी

आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आलें, हा प्रश्न पावसाळ्यांत सांगलींत घरोघरीं विचारला जातो. हा पूल १९२९ सालचा. २०१९ च्या ऑगस्टांत येथील पाण्यानें २००५ च्या महापुरालाहि मागें टाकलें. नवल असें कीं, सांगली स्वतः सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. तिच्या वांट्याला पाऊस बेताचाच येतो. महापूर येतो तो मुख्यतः महाबळेश्वर, नवजा, कोयना आणि वारणेचें खोरें येथील पावसाचा, आणि त्या पावसाचें बाष्प येतें अरबी समुद्रावरून. तेव्हां समुद्रावर ढग कोठें व कसे आहेत हें कळणें, म्हणजे नदीकांठच्या घरांतील धान्य माळ्यावर केव्हां चढवावें या प्रश्नाच्या मुळाशीं जाणें होय.

भर समुद्रांत वेधशाळा बांधतां येत नाहीं, आणि पावसाळ्यांत जहाजांच्या नोंदी विरळ. ही उणीव उपग्रहांनीं भरून काढली. पहिला यशस्वी हवामान-उपग्रह, टायरॉस-१, अमेरिकेनें १ एप्रिल १९६० रोजीं सोडला. भारताचे इन्सॅट-३डीआर व इन्सॅट-३डीएस हे अनुक्रमें २०१६ व २०२४ सालीं सोडलेले उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून चित्रें घेतात. चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. दृश्य प्रकाशांतील एकेक ठिपका सुमारें एक किलोमीटरचा, तर उष्णतेच्या अदृश्य किरणांनीं टिपलेला चार किलोमीटरचा असतो. प्रत्येक ठिपक्यास विचारावयाचें तें एवढेंच: येथें पाणी दिसतें कीं ढग?

दिवसा हें काम सोपें वाटतें. समुद्र काळसर, ढग पांढरा. सारवलेल्या अंगणांत सांडलेल्या पिठासारखा तो उठून दिसतो. परंतु सूर्याचें प्रतिबिंब जेथें पडतें, तेथें पाणीच चकाकतें आणि ढगाचा भास होतो. अरबस्तानांतून येणारी धूळहि अशीच फसविते. रात्रीं तर प्रकाशच नाहीं. मग उष्णतेवर विसंबावें लागतें. भारताच्या बाजूचा अरबी समुद्र सुमारें २८ अंश उष्ण असतो. उंच ढगाचा माथा शून्याखालीं पन्नास अंशांपर्यंत, कधीं त्याहूनहि थंड असतो. तो ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं.

कठीण आहे तो बुटका ढग. हवा किलोमीटरमागें सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते, म्हणून अर्ध्या किलोमीटरवरील ढग पाण्याहून तीनचार अंशच थंड. मधल्या बाष्पामुळें समुद्रहि आहे त्याहून थंड भासतो. त्यांतच सोमालियाच्या किनाऱ्याशीं पावसाळ्यांत खालचें गार पाणी वर येतें. सर्वत्र एकच मर्यादा ठेविली, तर तें स्वच्छ पाणीच ढग ठरेल! म्हणून प्रत्येक स्थळाच्या व महिन्याच्या नेहमीच्या तपमानाशीं तुलना करतात. शेजारच्या ठिपक्यांतील फरकहि पाहतात. समुद्र बहुधा एकसारखा, ढग विस्कळीत. पसरट ढग या कसोटींतूनहि निसटतो. त्याला पकडणारी युक्ति विशेष सुंदर आहे. पाण्याचे सूक्ष्म थेंब सुमारें चार मायक्रॉन लांबीच्या लहरी अकरा मायक्रॉनच्या लहरींपेक्षां कमी जोमानें उत्सर्जित करतात. त्यामुळें रात्रीं तोच ढग पहिल्या लहरींत अधिक थंड दिसतो. समुद्राच्या बाबतींत तसें घडत नाहीं.

एवढ्या खटाटोपाला कारण आहे. ढगाळ ठिपका चुकून स्वच्छ मानला, तर ढगाचें तपमान समुद्राचें म्हणून नोंदलें जातें, आणि बाष्पाचें गणितच चुकतें.

सांगलीच्या दृष्टीनें याहून मोठा पेंच पुढें आहे. अतिशय थंड माथा म्हणजे भरपूर पाऊस, हा ढोबळ ठोकताळा सह्याद्रीवर फसतो. उंचावरचा पातळ ढग अत्यंत थंड असूनहि कोरडा असूं शकतो. उलट घाटाला अडून वर चढणारी ओली हवा फार उंच न वाढलेल्या ढगांतूनहि मुसळधार पाऊस पाडते. नुसत्या तपमानावरून तो पाऊस कमी भासतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१२ सालीं महाबळेश्वरास प्रयोगशाळा उघडली. पावसाळ्यांत ढग तेथें दारांतच उतरतात, आणि त्यांतील थेंब जागेवरच मोजतां येतात. उपग्रह ढग दाखवितो. नवजास किती पाणी पडलें हें अद्याप पर्जन्यमापकालाच विचारावें लागतें, आणि तें पाणी कोयनेंतून कऱ्हाडास कृष्णेला मिळून खालीं सांगलीकडे येतें.