जन्मतारीख आणि संमति

गेल्या महिन्यांतली गोष्ट. आमचा नातू सहावींत आहे. वय पुरतें अकरा. त्यानें फोनवर चित्रफितींच्या कसल्याशा संकेतस्थळीं खातें उघडल्याचें त्याच्या आईला कळलें आणि प्रकरण माझ्याकडे आलें. त्याला जवळ बसवून मीं विचारलें, "अरे, तेथें तेरा वर्षांखालीं प्रवेश नाहीं ना?" तो शांतपणें म्हणाला, "मीं जन्मसाल २००५ लिहिलें." असत्य भाषणावर मी कांहीं बोलूं लागणार, तोंच त्यानें मला गप्प केलें. "आजोबा, तुमची तरी तारीख कुठें खरी आहे?"

ती खरी नाहीं हें कबूल करणें भाग आहे. माझा जन्म श्रावणांतला; शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. महाराष्ट्रांत १ जूनला जन्मलेलीं माणसें इतकीं कां, हें जुन्या शिक्षकांना विचारावें. जूनमध्यें शाळा उघडे, बाप मुलाला हाताशीं धरून आणी, जन्माचें टिपण कोणाजवळच नसे, आणि मास्तर वयाच्या अटींत बसेल अशी तारीख दाखलखारिज रजिस्टरांत घालीत. नोकरीच्या आरंभीं मीं स्वतःहि अशा तारखा लिहिल्या आहेत. तें कृत्य निर्दोष होतें असें मी म्हणत नाहीं. तथापि त्या खोट्या तारखेमागें दोन मोठीं माणसें उभीं असत, आणि मूल ज्या दारानें आंत जाई त्याच्या पलीकडे काय चालतें हें दोघांनाहि ठाऊक असे. येथें मूल एकटें, तारीख त्यानेंच घातलेली, आणि दारापलीकडचें आम्हां कोणालाच ठाऊक नाहीं.

हा तेराचा आंकडा तरी आला कोठून? बालमानसशास्त्रांतून आला असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंत १९९८ सालीं कायदा झाला, कीं तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर आधीं आईबापांची संमति घ्यावी. संमति मिळविणें खर्चाचें आणि कटकटीचें. म्हणून पुष्कळ मोठ्या कंपन्यांनीं 'तेराखालीं मज्जाव' अशी पाटी लावली, आणि जन्मतारीख विचारून त्या मोकळ्या झाल्या. उत्तर खरें कीं खोटें हें पाहण्याची त्यांना फारशी निकड भासली नाहीं. तीच पाटी आपल्याकडे आली.

आपल्या देशांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला, त्यानें ही मर्यादा थेट अठरावर नेली. त्याखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकाची, आणि तीहि पडताळून पाहतां येईल अशी, संमति हवी; कसूर झाल्यास दोनशें कोटि रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, त्यांत या भागाच्या अंमलबजावणीला अठरा महिन्यांची मुदत दिली. ऑस्ट्रेलियानें निराळीच वाट धरली. तेथें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवतां येत नाहीं. आईबापांनीं होकार दिला तरी नाहीं. दंड कंपनीला आहे, घराला नाहीं.

मला विचाराल तर आपल्या कायद्यांतील संमतीवर माझा भरंवसा थोडाच आहे. संमति म्हणजे जाणून दिलेला होकार. ज्या घरांत आजोबांच्या फोनवर आलेला परवलीचा आंकडा नातूच वाचतो आणि नातूच भरतो, तेथें कोण कोणाला संमति देतो? शिवाय कॉलेजांत जाणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला जागोजाग बापाचा होकार लागावा, हेंहि मला पटत नाहीं. परंतु त्याच कलमांत आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा मात्र क्वचितच ऐकूं येते. मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवूं नये व त्यांना हेरून जाहिराती दाखवूं नयेत, अशी ती बंदी आहे. सरकारनें सूट दिलेले अपवाद सोडले, तर ती कोणा पालकाच्या होकारावर अवलंबून नाहीं. माझ्यासारख्या अडाणी आजोबाच्या घरींहि ती लागू पडावी.

नातवाचें खातें आम्हीं त्याच रात्रीं बंद करावयाचें ठरविलें. त्याचे आईबाप आणि मी, तिघेहि तो फोन घेऊन अर्धा तास बसलों; बंद करण्याची जागा सांपडेना. शेवटीं ती त्यानेंच दाखविली.